हजारातील नऊ

विहिरीत पडलेल्या मुलास ज्याने उडी टाकून वर काढले, त्याचे नाव गावात तीन पिढ्या घेतले जाते. त्याच विहिरीला पुढे ज्याने कठडा बांधला, त्याचे नाव दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. वास्तविक कठड्यामुळे वाचलेल्या मुलांची संख्या अधिक असणार. परंतु ती मुले कोणती, हे कोणालाच ठाऊक नसते, त्या मुलांनाही नसते. आम्ही मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत बत्तीस वर्षे काढली. पूर आल्यावर नावा आणि पिठलेभाताची पाकिटे पाठविणाऱ्या अधिकाऱ्यांचे सत्कार होताना आम्ही पाहिले आहेत. आणि पुराच्या आधी वैशाखात नाले उपसून घेणारा अधिकारी, पूर आलाच नाही तर हा खर्च केला कशासाठी, या लेखापरीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर लिहीत बसलेलाही पाहिला आहे. जे घडले नाही त्याचे श्रेय कोणाचे, आणि ज्याचे श्रेय कधीच मिळणार नाही असे कर्तव्य माणसाने कशाच्या बळावर करावे, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हापासूनचा आहे.

या प्रश्नाचा विचार येथे एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे करण्याचा मानस आहे. खुब्याचा सांधा बदलल्यानंतर होणारा जंतुसंसर्ग आणि त्याचे निवारण, हे ते उदाहरण. विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही वैद्य नव्हे. तथापि आपल्या या मंडळातील सभासदांची वये पाहता दर दोन-चार घरांआड हा सांधा कोणाच्या ना कोणाच्या शरीरात आहे किंवा लवकरच बसावयाचा आहे. तेव्हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत मांडीच्या हाडाचा गोल माथा फिरतो. शाळेच्या पुस्तकात आपण यास उखळीचा सांधा म्हणत असू. हा सांधा झिजला की माणसाचे चालणे तर जातेच, पण रात्रीची झोपही जाते. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली या शल्यविशारदाने १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत यावर उपाय सिद्ध केला. धातूचा लहान गोळा आणि टणक प्लॅस्टिकची वाटी, दोन्ही हाडात सिमेंटने बसविलेली. त्याआधी त्याने टेफ्लॉनच्या वाट्या वापरून पाहिल्या होत्या; त्या थोड्याच वर्षांत झिजल्या आणि सुमारे तीनशे रुग्णांच्या बाबतीत फसल्या. टेफ्लॉनचा चुरा शरीरात काय करतो हे पाहण्यासाठी त्याने तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता. हा मनुष्य कोणत्या जातीचा होता हे समजण्यास एवढे पुरे.

परंतु सांधा यांत्रिक दृष्टीने जमला तरी एक शत्रू उरला. चार्नलीच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी शंभरात सात किंवा त्याहून अधिक जणांच्या सांध्यात पू झाला. सात हा आकडा वाचताना लहान वाटतो. त्याचा अर्थ असा की, वेदनेपासून सुटका व्हावी म्हणून जे आपल्या पायांनी रुग्णालयात आले, त्यांतील सात जण पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत घरी गेले.

येथे थोडे थांबून हे पाहिले पाहिजे की, साध्या जखमेतील जंतू आणि कृत्रिम सांध्यावरील जंतू यांत एवढे अंतर का. १९५७ साली एलेक आणि कॉनेन या दोघा संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर एक प्रयोग केला. निरोगी त्वचेत पू उत्पन्न होण्यास स्टॅफिलोकॉकस जातीचे काही दशलक्ष जंतू टोचावे लागत. पण तेथे रेशमी टाक्याचा एक धागा असला तर शेकड्यांत मोजण्याइतके जंतूही पुरत. शरीर परक्या वस्तूभोवती दुबळे होते. एका धाग्याची ही कथा, तर वीतभर लांबीच्या धातूच्या दांड्याची काय असेल? जंतू धातूला चिकटतात, आपल्याभोवती चिकट थर विणतात आणि त्या थराआड वर्षानुवर्षे राहतात. रक्तातून येणारे औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही, पोहोचले तरी सुस्त पडलेल्या जंतूंवर त्याची मात्रा चालत नाही. संसर्ग पहिल्या काही आठवड्यांत ओळखला गेला तर जखम उघडून, धुऊन, सांध्याचे सुटे भाग बदलून कधी कधी सांधा वाचतो. एकदा मुरला की बहुधा सगळाच सांधा काढावा लागतो. मग औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवावयाचा, कित्येक आठवडे शिरेतून आणि तोंडाने औषधे, आणि सर्व निवळल्यावर पुन्हा नवा सांधा. सत्तरीच्या मनुष्याला या तीन-चार महिन्यांत जे सोसावे लागते, ते मूळच्या सांधेदुखीत सोसावे लागले नव्हते. म्हणून येथे उपचारापेक्षा निवारणाचे मोल फार मोठे आहे.

चार्नलीचा संशय हवेवर होता. शस्त्रक्रियागृहातील माणसांच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कपचे सतत झडत असतात आणि त्यांवर स्वार होऊन जंतू जखमेत उतरतात, असा त्याचा तर्क. त्याने शस्त्रक्रियेच्या मेजाभोवती काचेच्या खोलीसारखा एक बंदिस्त कोष उभारला, त्यात गाळलेली हवा वरून खाली सोडली, शल्यविशारदांच्या अंगात उच्छ्वास बाहेर ओढून घेणारे झगे घातले. दहा वर्षांत त्याच्याकडील संसर्गाचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. टीकाकार म्हणाले, आपण या काळात हातमोजे बदलले, झग्यांचे कापड बदलले, टाके घालण्याची पद्धत बदलली. मग श्रेय हवेलाच कशावरून? आक्षेप योग्य होता. म्हणून ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मोठी पाहणी केली. खुबा आणि गुडघा मिळून आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया. कोणास साधी हवा आणि कोणास अतिशुद्ध हवा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविलेले. निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाला. साध्या हवेत खोल संसर्ग शेकडा दीड, अतिशुद्ध हवेत शेकडा शून्य पूर्णांक सहा. म्हणजे हजारामागे पंधराऐवजी सहा.

हजारातील नऊ जण वाचले. आमचे मन अडखळते ते येथेच. हे नऊ कोण? अतिशुद्ध हवेत ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्या हजारांतील नऊशे पंच्याऐंशी जण साध्या हवेतही सुखरूपच राहिले असते. सहा जणांना दोन्हीकडे संसर्ग झाला असता असे धरू. उरलेले नऊ जण आपापल्या घरी जिने चढत आहेत, नातवंडांना शाळेत सोडीत आहेत, आणि आपण त्या नवांतील आहोत हे त्यांपैकी एकालाही माहीत नाही. माहीत होणे शक्यच नाही. शल्यविशारदाला नाही, हवा गाळणारे यंत्र बसविणाऱ्या कारागिराला नाही, परमेश्वराने सांगितल्याखेरीज कोणालाच नाही. उपकार झाला आहे, उपकृत व्यक्ती हाडामांसाची आहे, तरीही कृतज्ञतेला पत्ता नाही.

आपल्याकडील वाचकास येथे निष्काम कर्माची आठवण होईल. आम्हांसही झाली, पण नीट विचार करता दोन्ही गोष्टी एक नव्हेत असे वाटते. निष्काम कर्म करणारा फळ समोर असताना त्यावरील हक्क सोडतो. त्याग करावयाचा तर त्यागण्याजोगे काही दिसावे लागते. येथे फळ आहे, उत्तम आहे, पण ते दिसतच नाही. सोडण्याचाही प्रसंग येत नाही. पंधराव्यांदा हात धुणाऱ्या परिचारिकेला वैराग्याचे समाधानही मिळत नाही, कारण या पंधराव्या धुण्याने काही वाचले की ते निव्वळ पाणी गेले, याचा पुरावा तिच्यासमोर कधीच येत नाही. तिला एक प्रकारची श्रद्धा ठेवावी लागते, पण ती देवावरची श्रद्धा नव्हे, आकड्यांवरची. आणि आकड्यांवरची श्रद्धा माणसाच्या स्वभावात नाही, ती शिकावी लागते.

ही श्रद्धा आंधळी असून चालत नाही, हाही या इतिहासातील भाग आहे. ज्या अतिशुद्ध हवेने ते नऊ जण वाचविले असे आपण म्हटले, तिच्याविषयी पुढे शंका उत्पन्न झाल्या. न्यूझीलंडमधील सांधारोपणांच्या नोंदींवरून २०११ साली असे दिसून आले की, अशा हवेच्या शस्त्रक्रियागृहांत संसर्ग कमी होण्याऐवजी थोडा अधिकच होता. १९८२ च्या पाहणीच्या वेळी ज्या गोष्टी सर्वत्र रूढ नव्हत्या, विशेषतः छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविक देणे, त्या पुढे सार्वत्रिक झाल्या आणि हवेचा स्वतंत्र लाभ आटला, असे समजण्यास जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सांधारोपणासाठी ही खर्चिक हवा आवश्यक मानली नाही. चार्नलीचा पराभव झाला असे आम्ही मानीत नाही. त्याने मोजले, म्हणूनच पुढच्यांना त्याचे म्हणणे तपासता आले. कठडा कोणत्या बाजूला हवा हे पडलेल्यांची मोजदाद ठेवणाऱ्यालाच कळते.

हात धुण्याचा उल्लेख आला तेव्हा इग्नाझ सेमेलवाइसचे नाव टाळता येत नाही. १८४७ साली व्हिएन्नातील प्रसूतिगृहात त्याने वैद्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तेथे शंभरातील सुमारे अठरा बाळंतिणी मरत होत्या. उन्हाळा संपेपर्यंत हे प्रमाण दोनच्या आसपास आले. तरीही वैद्यमंडळींनी त्याचे ऐकले नाही, आणि १८६५ साली तो वेड्यांच्या रुग्णालयात मरण पावला. न ऐकण्याच्या कारणांपैकी एक आम्हांस आपल्या घरातले वाटते. मृत्यू आपल्या हातांनी पोहोचविला जातो, प्रतिष्ठित माणसाचा हात अशुद्ध असतो, हे मान्य करणे त्यांना जड गेले.

आपल्या घराण्यांतून शुद्धतेचा विचार काही थोडा झालेला नाही. आमच्या आजीचे सोवळे कडक होते. तिच्या देवघरात आणि स्वयंपाकघरात कोणी शिवायचे नाही, आणि हा दंडक पाळताना ती थंडीतही आडाच्या पाण्याने स्नान करी. या शिस्तीत जंतुशास्त्राला उपकारक असे बरेच होते यात संशय नाही. पण तिचा रेशमी कद रोज धुतला जात नसे, कारण रेशीम मुळातच शुद्ध. आणि दारात उभा असलेला, नुकताच नदीवर न्हाऊन आलेला मनुष्य मात्र अशुद्ध, कारण त्याचा जन्म. सोवळ्याने स्पर्शाचे महत्त्व ओळखले, पण त्याचे मोजमाप चुकीच्या काट्याने केले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमी रुग्णाच्या सेवेविषयी एक अख्खा अध्याय आहे. नखे आणि केस कापलेले असावेत, शुचिर्भूत राहावे, पांढरी वस्त्रे वापरावीत, जखमेला धुरी द्यावी, असे त्यात सांगितले आहे. तेथील शुचिता रोग्याच्या हितासाठी आहे. पुढे ती शुचिता आपण स्वतःच्या रक्षणासाठी वापरू लागलो, दुसऱ्यामुळे आपण विटाळू नये म्हणून. शस्त्रक्रियागृहाने हा अर्थ पुन्हा उलटा करून दिला आहे. तेथे शल्यविशारद दोन-दोन हातमोजे चढवितो तो मुख्यतः रोग्याला आपला विटाळ होऊ नये म्हणून. आणि स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू साधारण तिघांतील एकाच्या नाकात सुखाने नांदत असतो. तो नाकाचे गोत्र विचारीत नाही. नाकातील हे जंतू मुपिरोसिन मलमाने आधीच कमी करून घेण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी आहे.

याच संदर्भात अधिकाराची उतरंड पाहण्यासारखी आहे. प्रतिजैविक छेदापूर्वी दिले तरच उपयोगी, हे बोस्टनच्या जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगांवरील प्रयोगांतून दाखविले. जंतू शिरल्यावर तीन तासांनी दिलेल्या औषधाचा काही परिणाम झाला नाही. सांधारोपणात ते छेदाच्या आधीच्या एका तासात द्यावे असा साधारण नियम आहे. नियम साधा, पण घाईत चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचावयाची एक यादी तयार केली. रोगी तोच ना, अंग तेच ना, औषध दिले ना. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा दीडवरून शून्य पूर्णांक आठवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. यादीत नवे ज्ञान काहीच नव्हते. नवे एवढेच की, खोलीतील सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला सर्वांत वरिष्ठ व्यक्तीस थांबविण्याचा हक्क मिळाला. आमच्या कार्यालयात लिपिकाने टिप्पणीत चूक दाखविली की साहेबांचा चेहरा कसा होई, हे आठवले म्हणजे या यादीचे मोल कळते. आणि खोलीबाहेर जो सफाई कामगार फरशी पुसतो, ज्याच्या पुसण्यावर या साऱ्याची भिस्त आहे, त्याचे नाव यादीत अजून नाही. त्याला बहुधा ठेकेदाराकडून, महिन्याच्या बोलीने, पगार मिळतो.

रोग्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. मधुमेह आटोक्यात नसेल, धूम्रपान चालू असेल, दाताच्या मुळाशी पू असेल किंवा अंगावर कोठे गळू असेल तर संसर्गाची शक्यता वाढते. तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी चाचणी साडेसात-आठच्या वर असली की अनेक शल्यविशारद तारीख पुढे ढकलतात. विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडावयास सांगतात. रोगी म्हणतो, मला रात्रभर झोप नाही, आणि आपण मला साखरेचा आकडा दाखविता! त्याचे दुःख आजचे आणि निश्चित आहे, संसर्ग उद्याचा आणि संभाव्य. आजच्या निश्चित दुःखास उद्याच्या संभाव्य दुःखासाठी थांबवून ठेवण्याचा अधिकार वैद्याला कोणी दिला? शिवाय स्वतःच्या यशाचे प्रमाण राखण्यासाठी कठीण रोग्यांना टाळणारे वैद्य नसतीलच असे नाही. आमचे मत असे की, थांबण्यास सांगणारा वैद्य जर साखर खाली आणण्याची वाट दाखवीत असेल, आहारतज्ज्ञाकडे आणि मधुमेहाच्या डॉक्टरांकडे पाठवून पुढची तारीख देत असेल, तर ते थांबविणे उपचाराचाच भाग आहे. नुसते 'साखर कमी करून या' म्हणून दार लावून घेणारा मात्र रोग्याला टाळतो आहे. एकच वाक्य, पण पुढची तारीख आहे की नाही यावर त्याची नीती ठरते.

इतर सूचना साध्या आहेत. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी साबण लावून स्वच्छ स्नान. शस्त्रक्रियेच्या जागेवर घरी वस्तरा फिरवावयाचा नाही, कारण त्याने पडणारे बारीक चिरे जंतूंना वाट देतात. केस काढणे भागच असेल तर रुग्णालयात कातरयंत्राने काढतात. घरी आल्यावर जखमेवर हळद, तेल, अंगारा काही लावावयाचे नाही. जखम पाझरत राहिली, लाल झाली, बरे होत आलेले दुखणे पुन्हा वाढले तर त्याच शल्यविशारदाला त्याच दिवशी कळवावयाचे. ओळखीच्या औषधवाल्याकडून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून सुरू केल्या की वरचे लक्षण दबते, तपासणीत जंतू सापडेनासा होतो, आणि सांधा वाचविण्याचे जे थोडे दिवस हाताशी असतात ते निघून जातात. ही एक गोष्ट तरी वाचकांनी घरी सांगून ठेवावी.

आता आपल्या समाजाच्या एका सद्गुणाकडे वळावे लागते. परक्या मुलखात येऊन सहा-सात पिढ्या झालेली आपली घराणी टिकली ती एकमेकांच्या दाराशी जाण्यामुळे. आजाऱ्याच्या समाचाराला न जाणे हा आपल्याकडे अपराध समजला जातो. आमच्या थोरल्या वहिनींचा खुबा बदलला तेव्हा दुसऱ्याच दिवसापासून खोलीत सतरंजी घालावी लागेल इतकी मंडळी येऊ लागली. कोणी गजरा आणला, कोणी दत्ताचा प्रसाद, कोणी दुलई उचलून 'पट्टी नेमकी कोठे बांधली आहे' हे पाहू लागले. तेथे झाबुआकडील एक विशी-बाविशीतील परिचारिका होती. तिने नात्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांना, ज्यांच्या शब्दाखातर लग्ने जुळतात अशांना, आधी हात धुऊन या असे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. खोलीत कोणी बोलेना. तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "काकासाहेब, तिचे ऐका. खुबा माझा असला तरी सध्या पहारा तिचा आहे." काकासाहेब हात धुऊन आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिले.

भेट देणारा माणूस आपले प्रेम घेऊन येतो, आणि त्याच हातांवर जंतूही घेऊन येतो. प्रेमाला साक्षीदार आहेत. रोगी पाहतो, नातलग पाहतात, कोण आले कोण नाही याची मनात नोंद होते. जो सर्दी झाली म्हणून आला नाही, दूरध्वनीवर दोन शब्द बोलून थांबला, त्याने कदाचित अधिक दिले असेल. पण त्याची नोंद 'आला नाही' अशीच होते. येथेही तोच प्रश्न. रिवाज म्हणून आम्ही एवढे सुचवितो की, पहिले पंधरा दिवस घरातील एकाने सर्वांचे निरोप घ्यावेत आणि समाचार महिन्याने करावा. डबा मात्र दारापर्यंत पाठविण्यास हरकत नाही. रोग्याच्या घरी स्वयंपाकाची ओढाताण असतेच.

काळजीचा अतिरेकही काळजीसारखाच दिसतो, म्हणून प्रतिजैविकांविषयी एक शब्द. शस्त्रक्रियेपूर्वी दिलेली मात्रा आणि फार तर पहिल्या चोवीस तासांतील पुढच्या मात्रा एवढेच पुरेसे असते. त्यापुढे गोळ्या चालू ठेवल्याने सांध्याचा संसर्ग कमी होतो असे दिसलेले नाही. तरीही कित्येक ठिकाणी त्या आठ-दहा दिवस दिल्या जातात, आणि दिल्या नाहीत तर नातेवाईकच विचारतात, 'डॉक्टर, एवढे मोठे ऑपरेशन आणि औषध नाही?' डॉक्टरांना धीर हवा, आम्हांला धीर हवा. त्या धीराची किंमत औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या रूपाने दुसराच कोणी अनोळखी रोगी भरतो. काही प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विकल्याची वेगळी नोंद ठेवावी, असा नियम आपल्या देशात मार्च २०१४ पासून लागू आहे. नियम आहे, एवढेच तूर्त म्हणता येते. वाचलेले नऊ जसे दिसत नाहीत, तसे आपल्या अनाठायी गोळीने बुडालेलेही दिसत नाहीत.

शेवटी मोजण्याविषयी. स्वीडनने खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ साली सुरू केली. इंग्लंड आणि वेल्सची २००३ ची आहे. प्रत्येक सांधा, कोणी बसविला, पुढे काढावा लागला का, हे त्यांत लिहिले जाते. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण नोंद करणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. आणि प्रामाणिकपणे मोजणाऱ्याची येथे पंचाईत होते. आमच्या सेवाकाळात ज्या ठाण्यात प्रत्येक चोरीची फिर्याद लिहून घेतली जाई, ते ठाणे वर्षअखेरीच्या तक्त्यात सर्वांत वाईट दिसे.

वहिनींसाठी आम्ही शहरातील दोन ठिकाणी चौकशी केली होती. आपल्याकडील किती रोग्यांना संसर्ग झाला, एवढाच प्रश्न. एका ठिकाणी डॉक्टरांनी वही उघडली, गेल्या पाच वर्षांचा आकडा सांगितला, आणि त्यांतील दोघांची हकीकतही सांगितली. दुसऱ्या ठिकाणी, आमच्याकडे असे कधी होतच नाही, असे हसून उत्तर मिळाले. पुतण्याचे म्हणणे पडले की, जेथे होतच नाही तेथे जावे. घरात दोन दिवस वाद झाला. वहिनींनी पहिल्याच ठिकाणी नाव नोंदविले, आणि साखर खाली येईपर्यंत त्यांची तारीख अडीच महिने पुढे गेली.